इलेक्ट्रिक सायकल पहिल्यांदा चालवताना: बॅटरी लावण्यापासून चढापर्यंत काय कधी करायचं

नवीन इलेक्ट्रिक सायकल घेतलेल्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. बॅटरी सांगितलेल्या अंतराच्या अर्ध्यातच संपते, चढावर मोटर नुसती घरघर करते, सिग्नलला उभं असताना सायकल आपोआप पुढे उसळते, ठराविक स्पीडला गेली की एकदम जड होते. सायकल तपासायला घेतली तर बहुतेक वेळा बिघाड काहीच सापडत नाही, चालवण्याची पद्धत चुकलेली असते, आणि तीही सगळ्यांची एकाच ठिकाणी. स्कूटर समजून पहिल्याच दिवशी सगळ्यात वरच्या असिस्टवर (असिस्ट म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी), सगळ्यात जड गिअरमध्ये, थेट गर्दीच्या रस्त्यावर.

ही सायकलच आहे. मोटर तुमच्या पायात जोर घालते, पण गिअर बदलणं, वेळेत ब्रेक लावणं, चढ यायच्या आधी तयारी करणं ही कामं तुमच्याकडेच राहतात. खालचा क्रम आहे तसाच पाळा. तिसरा आणि चौथा टप्पा तर अजिबात गाळू नका, लोक नेमके तेच गाळतात.

टप्पा १: आपली सायकल कुठल्या प्रकारची ते ओळखा

आधी मोटर कुठे आहे बघा. मागच्या चाकाच्या मधोमध (काही सायकलींना पुढच्या) डब्यासारखा जाड हब असेल आणि एक्सलमधून (चाकाच्या मधल्या दांड्यातून) वायर बाहेर येत असेल तर ती हब मोटर. दोन्ही पेडलांच्या मध्ये, क्रँक (पेडलचा दांडा) जिथे फिरतो तिथे फुगीर खोका असेल तर मिड-ड्राइव्ह. हब मोटर थेट चाक फिरवते, तुम्ही कुठल्या गिअरमध्ये आहात याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. मिड-ड्राइव्हचा जोर मात्र चेनमधून आणि तुम्ही लावलेल्या गिअरमधूनच चाकापर्यंत जातो, त्यामुळे तिथे गिअर चुकला की तुमच्या पायांबरोबर मोटरलाही त्रास.

हब मोटरमध्येही दोन प्रकार आहेत. आत छोटे गिअर असलेली मोटर आकाराने लहान असते, आतमध्ये क्लच असतो, त्यामुळे पॉवर बंद करून सायकल पुढे ढकलली तर सहज जाते आणि मागे ओढली तर थोडी अडते. गिअर नसलेली डायरेक्ट ड्राइव्ह मोटर मोठी आणि जड, ती पॉवर बंद असतानाही हलकासा विरोध करते, पण आवाज जवळजवळ शून्य.

आता सेन्सर. खरं सांगायचं तर चालवताना कसं वाटणार हे मोटरपेक्षा सेन्सरच जास्त ठरवतो. मागचं चाक उचलून धरा (एक जण सीट धरायला हवा), असिस्ट १ वर ठेवा आणि हाताने पेडल अलगद फिरवा. जोर न लावता नुसतं फिरवल्यावरही मोटर सुरू झाली तर बहुतेक कॅडेन्स सेन्सर आहे. त्यात क्रँकजवळ लहान लोहचुंबकांची चकती असते, पेडल फिरतंय की नाही एवढंच तिला कळतं. मोटर जवळपास गप्प राहिली आणि पेडलवर दाब दिल्यावरच जागी झाली तर टॉर्क सेन्सर, तो तुम्ही किती जोर लावताय ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो.

सावधान: ही चाचणी करताना ओढणी, बुटाची लेस, बोटं चाकापासून आणि चेनपासून लांब. हवेत उचललेलं चाक एका क्षणात पूर्ण वेग घेतं.

आत काय चालतं तेही थोडक्यात, कारण पुढचे बरेच टप्पे त्यावर उभे आहेत. सेन्सरकडून इशारा आला की कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारं सर्किट) बॅटरीतला करंट घेतो, तीन वायरींमधून आळीपाळीने मोटरच्या गुंडाळ्यांना देतो, गुंडाळ्या चुंबक बनतात आणि मोटरमधल्या कायमच्या चुंबकांना ओढत फिरवतात. कंट्रोलरला करंटची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. ब्रेकच्या लिव्हरमध्ये बहुतेक सायकलींना एक छोटा स्विच असतो, लिव्हर जराशी दाबली तरी मोटर बंद. हा स्विच लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

टप्पा २: बॅटरी आणि पहिलं चार्जिंग

बॅटरीवरचे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर, हीच तुमची खरी टाकी. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर असेल तर ३६० वॅट-अवर. दुसऱ्याच्या सायकलशी तुलना करायची तर याच आकड्याने करा, नुसत्या व्होल्टवरून काही कळत नाही.

चार्जर तोच वापरा जो सायकलबरोबर आला. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत सहसा १० सेल एका ओळीत जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला जातो, म्हणजे एकूण ४२ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा १३ सेल, पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट. चार्जरच्या लेबलवर आउटपुटसमोर हाच आकडा असायला हवा. पिन बसते म्हणून घरातला दुसरा कुठला चार्जर लावून बघणं ही या सगळ्या लेखातली सगळ्यात धोकादायक चूक आहे. जास्त व्होल्टचा चार्जर लागला आणि बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने वेळेत करंट तोडला नाही तर सेल पेटू शकतात, आणि लिथियम बॅटरीची आग घरातल्या साधनांनी विझवणं फार कठीण असतं.

पहिल्यांदा २४ तास चार्जिंगला ठेवा असं अजूनही बरेच जण सांगतात, ती जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांची सवय आहे. इथे दिवा हिरवा होईपर्यंत लावा, पहिल्या वेळी वाटलं तर अजून तासभर, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर यायला वेळ मिळतो. बस. १० अँपिअर-अवरच्या बॅटरीला २ अँपिअरचा चार्जर असेल तर साधारण ५ ते ६ तास, शेवटचा थोडा भाग मुद्दाम हळू भरला जातो.

कुठे ठेवायची: कडक, मोकळ्या पृष्ठभागावर, पलंगावर किंवा सोफ्यावर नको, घरातून बाहेर पडायच्या वाटेवर नको, आणि सगळे झोपलेले असताना किंवा घरात कोणी नसताना नको. उन्हातून आत्ताच आलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. शून्य अंशाच्या खालच्या थंडीत राहिलेली बॅटरी तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय चार्ज करायचीच नाही, गोठणबिंदूच्या खाली चार्ज केलं की सेलच्या आत लिथियमचा थर साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

तपासा: बॅटरी फ्रेममध्ये बसवली, कुलूप लावलं, किल्ली काढली, आता दोन्ही हातांनी बॅटरी जोरात बाहेर ओढून बघा. किल्ली फिरली म्हणजे बॅटरी लागली असं नसतं. अर्धवट बसलेली बॅटरी पहिल्या खड्ड्यात सुटते किंवा मोटर मध्येच बंद चालू होत राहते आणि लोक कंट्रोलर बदलायच्या मागे लागतात.

टप्पा ३: पॉवर बंद ठेवून नटबोल्ट, हवा, सीट

खोक्यातून आलेली सायकल असेल तर पेडल लावताना डाव्या बाजूचं उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका. त्यावर बहुतेक वेळा एल आणि आर ही अक्षरं कोरलेली असतात. आधी हाताने काही फेरे फिरवायचे, सहज जात नसेल तर बाजू चुकलीय, पाना लावून जबरदस्ती केली की क्रँकचे आटे गेले.

मग हँडलचे बोल्ट. सायकलच्या पुढे उभं राहून पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल डावीउजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा, चाक न फिरता हँडल फिरलं तर बोल्ट सैल आहेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर तिथली बेअरिंग सैल.

हब मोटर असेल तर चाकाचे दोन्ही नट नीट आवळा आणि पहिल्या साधारण १०० किलोमीटरनंतर परत आवळा. साध्या सायकलीत एक्सलवर फक्त वजन येतं, इथे मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा एक्सल उलटा फिरायला बघतो. त्याला अडवायला एक दाताची वॉशर किंवा लोखंडी पट्टी असते, ती जागेवर नसेल किंवा नट सैल असेल तर एक्सल फिरतो आणि त्यातूनच बाहेर येणारी वायर पिळून तुटते. माझ्या एका मोटरची वायर अशीच गेली, पंक्चर काढून झाल्यावर एका बाजूची वॉशर उलटी बसवली होती. तेव्हापासून चाक काढायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढतो, न चुकता.

हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांच्या मर्यादेत ठेवा. सायकल २० ते २५ किलोची, वर तुमचं वजन, त्यामुळे हवा कमी असेल तर रेंज लगेच घटते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होतं. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, गेजचा पंप वापरा.

सीट: पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. पहिले दोन दिवस तोल सांभाळायला सीट थोडी खाली ठेवली तर चालेल, पण नंतर वर घ्या. सीट कायम खाली ठेवून गुडघे दुखतात आणि पायांचा जोर लागत नाही, मग सगळा भार मोटरवर जातो.

टप्पा ४: मोटर बंद, पहिली चक्कर

हे ऐकून सगळे नाराज होतात, नवीन इलेक्ट्रिक सायकल आणि मोटर बंद? हो, बंद. अर्धा तास. रिकाम्या, सपाट जागेत.

एक तर वजन कळतं. सावकाश चालवताना, वळवताना, एक पाय टेकवून थांबताना हे वजन कसं झोकतं ते शरीराला कळू द्या, विशेषतः बॅटरी मागच्या कॅरियरवर असेल तर मागचा भाग सुकाणूसारखा खेचतो. दुसरं, नवीन डिस्क ब्रेक सुरुवातीला अर्धवटच पकडतात. पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा बसावा लागतो. त्यासाठी जमेल तेवढा वेग घेऊन, चाक लॉक न करता, एकसारखा दाब देत जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावायचा, परत वेग घ्यायचा, असं पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळं २० वेळा. शेवटी शेवटी पकड स्पष्ट वाढलेली जाणवते.

तपासा: दोन्ही लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकायला नकोत. टेकत असतील तर पुढच्या टप्प्याला जाऊच नका, आधी ब्रेक नीट करून घ्या.

याच चक्करीत गिअर वर खाली करून बघा. आणि एक मोजमाप शिकून घ्या, घड्याळ लावून १५ सेकंदात उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. १५ ते २० वेळा, म्हणजे मिनिटाला ६० ते ८० फेरे, ही आपल्याला हवी असलेली लय. नवखे बहुतेक ४०च्या आसपास जड गिअर रेटत असतात. पुढचं सगळं या लयीवर चालतं म्हणून ती इथेच पायात बसवून घ्या.

टप्पा ५: चालू करायचा आणि बसायचा क्रम

क्रम असा:
१. स्टँड वर करा, जमिनीवर दोन्ही पाय, पेडलवर काहीही नाही.
२. सिस्टीम चालू करा. टॉर्क सेन्सरच्या बऱ्याच सायकली चालू होतानाच शून्य दाब कुठला ते नोंदवतात, त्या क्षणी पेडलवर पाय ठेवलेला असेल तर तो दाबच शून्य धरला जातो आणि मग पूर्ण प्रवासात मदत कमी मिळते किंवा एरर येते.
३. असिस्ट शून्यावर आहे ना ते डिस्प्लेवर बघा. काही सायकली मागच्या वेळचा असिस्ट लक्षात ठेवतात.
४. गिअर हलका.
५. एक ब्रेक दाबून धरा, मग पाय टाकून बसा.
६. निघायच्या वेळी असिस्ट १ करा, ब्रेक सोडा, पेडल मारा.

थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी, स्कूटरसारखी पिळायची मूठ) असेल तर आणखी एक. सायकल ढकलत नेताना, गेटमधून काढताना, लिफ्टमध्ये घालताना पॉवर बंद पाहिजे. हँडल धरायला जाऊन थ्रॉटल पिळला जातो आणि सायकल हातातून सुटून समोरच्याच्या अंगावर जाते. चढावर हाताने चढवायची असेल तर बऱ्याच डिस्प्लेवर वजाचं बटण दाबून धरलं की चालण्याच्या वेगाने सायकल स्वतः पुढे सरकते, ती सोय त्यासाठीच आहे.

टप्पा ६: असिस्ट १ वर पहिले काही किलोमीटर

लहानपणी सायकल शिकताना कोणीतरी मागून कॅरियर धरून पळायचं, आठवतंय? अगदी तसंच वाटतं. आपण पेडल मारतोय आणि मागून एक समजूतदार हात रेटा देतोय. टॉर्क सेन्सर असेल तर तो हातही जाणवत नाही, आपलेच पाय आज जरा जास्त ताजे आहेत असं वाटत राहतं. समोरून वारा आला तरी वेग फारसा पडत नाही, आणि हे पहिल्यांदा अनुभवताना खरंच छान वाटतं, मी कितीतरी जणांचे चेहरे त्या क्षणी बघितलेत.

कॅडेन्स सेन्सरमध्ये मात्र थोडं वेगळं. पेडल सुरू केल्यावर पाव ते अर्धा फेरा काहीच होत नाही, मग एकदम जोर येतो. आणि पेडल थांबवलं तरी मोटर क्षणभर रेटतच राहते. हा उशीर दोन्ही बाजूंचा आहे हे शरीराला शिकवावं लागतं. लोक पडतात ते बहुतेक इथेच, वळणात पेडल थांबवलं आणि मागून अजून ढकललं गेलं, किंवा अरुंद जागेत अर्धा फेरा मारला आणि अचानक हिसका बसला.

उपाय त्या ब्रेकच्या स्विचमध्ये आहे. वळताना, गर्दीत, यू-टर्न घेताना एक बोट मागच्या ब्रेकवर ठेवा आणि लिव्हर जेमतेम दाबा, ब्रेक लागायच्या आधीच मोटर बंद होते. दहा बारा वेळा सरावाने हे हाताला आपोआप येतं. सपाट जागेत दोन खुणा ठेवून आठच्या आकड्यात फिरा, आधी असिस्ट शून्यावर, मग १ वर.

तपासा: असिस्ट १ वर सलग पाच वेळा ठरवलेल्या रेषेवर थांबता आलं, आठचा आकडा पाय न टेकवता पूर्ण झाला, तर २ वर जा. नाही झालं तर आजचा दिवस १ वरच. घाई कशाला?

टप्पा ७: गिअर तुमच्या पायांसाठी, असिस्ट रस्त्यासाठी

ही सरमिसळ सगळ्यात जास्त होते. जड वाटलं की लोक असिस्ट वाढवतात, गिअर बदलायचा विसरतात. मग निघताना सगळ्यात जड गिअर, असिस्ट ५, मोटर शून्य वेगातून एवढं वजन ओढायला जास्तीत जास्त करंट खेचते आणि त्यातला बराचसा उष्णतेत जातो.

नियम असा ठेवा, पायाची लय ६०च्या खाली गेली की आधी गिअर हलका करा. लय बरोबर आहे तरीही दम लागतोय, तेव्हाच असिस्ट एक पायरी वर. रस्ता सोपा झाला की आधी असिस्ट खाली, मग गिअर जड.

मिड-ड्राइव्हवाल्यांसाठी खास: गिअर बदलायच्या क्षणी पाय हलका सोडा, अर्ध्या सेकंदापुरता. मोटर पूर्ण जोरात असताना गिअर टाकला की चेन दातांवर खडाड करून आदळते. तो आवाज ऐकून सोडून देऊ नका, चेन आणि मागचे दाते त्याने फार लवकर झिजतात. आणि थांबायच्या आधी, म्हणजे सिग्नल समोर दिसला की चालत्या सायकलवरच गिअर हलका करून ठेवा, मागच्या चाकाला उघडे दाते असलेल्या सायकलीत थांबल्यावर तो बदलता येत नाही.

ठराविक वेगाला जड होणं हा बिघाड नाही. युरोपियन युनियनच्या नियमात पेडल-असिस्ट सायकलची मोटर २५० वॉटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरला बंद, इतरही अनेक ठिकाणी अशीच काहीतरी मर्यादा असते. तिथे पोहोचल्यावर मोटर हात काढून घेते आणि २० ते २५ किलोची सायकल एकट्या पायांवर येते. २५ ला टक्कर देत बसण्यापेक्षा २० ते २२ ला चालवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, २० वरून २५ ला गेलं की नुसत्या हवेसाठी दर किलोमीटरला दीडपटीपेक्षा जास्त ऊर्जा लागते.

टप्पा ८: थांबणं

साध्या सायकलवर आपण १५च्या आसपास असतो, इथे नकळत २५ होतात कारण दम लागत नाही, वेग कळत नाही. ताशी १५ ला सेकंदात ४ मीटर, २५ ला ७ मीटर. समोरचं दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर, बरे ब्रेक असताना थांबायला १५ च्या वेगाला साधारण ६ ते ७ मीटर आणि २५ ला साधारण १३ मीटर लागतात, म्हणजे दुप्पट. समोरच्याला हे माहीत नसतं. पार्क केलेल्या गाडीचं दार उघडणारा, रस्ता ओलांडणारा माणूस तुम्हाला बघतो, सायकल आहे, हळूच येणार असं धरून चालतो. म्हणून बोटं कायम लिव्हरवर, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढच्यावर जास्त जोर पण एकदम नाही, आणि वजन मागे सरकवून. ओल्या रस्त्यावर, खडीवर ब्रेक वळणाच्या आधीच संपवायचा.

थांबल्यावर एक पाय पेडलवर टेकून उभं राहायची सवय सोडा, किंवा ब्रेक दाबून ठेवा. सिग्नलला सायकल उसळते ती यामुळेच, टॉर्क सेन्सरला तुमच्या पायाचा भार म्हणजे निघायचा इशारा वाटतो.

टप्पा ९: चढ

चढाच्या पायथ्याला, अजून सपाट असतानाच गिअर दोन पायऱ्या हलका आणि असिस्ट एक पायरी वर. अर्ध्या चढात दोन्ही बदलायला गेलं की वेग मरतो आणि मग परत उभा राहत नाही. लय ७०च्या आसपास सांभाळा.

मिड-ड्राइव्ह इथे खरी चमकते, हलक्या गिअरमध्ये मोटर आपल्या आवडत्या वेगाने फिरत राहते आणि सायकल सावकाश पण न थकता चढते. हब मोटरचं उलटं आहे. तिचा वेग म्हणजे चाकाचा वेग, चाक हळू झालं की तीही हळू होते, करंट तेवढाच आणि काम कमी, बाकीची सगळी उष्णता. वेग १० च्या खाली पडून तसाच राहिला तर नुसतं थ्रॉटलवर बसून चढायचा हट्ट करू नका. स्वतः जोर लावा, नागमोडी चढवा, तेवढी जागा नसेल तर उतरून हाताने ढकलत न्या. लांब चढ असेल तर मध्ये थांबून हबजवळ हात न्या. तळहात ठेववत नाही इतका गरम असेल तर १५ ते २० मिनिटं विश्रांती.

चढावर बॅटरीच्या दोन कांड्या एकदम उतरतात आणि वर पोहोचल्यावर परत येतात, याने घाबरू नका. जास्त करंट खेचला की व्होल्टेज तात्पुरतं दबतं आणि बरेच डिस्प्ले व्होल्टेजवरूनच कांड्या दाखवतात. खरा आकडा सपाटीवर, दोन तीन मिनिटं थांबून बघायचा. पण बॅटरी आधीच कमी असेल तर हेच दबलेलं व्होल्टेज संरक्षक सर्किटच्या मर्यादेखाली जातं आणि भर चढात मोटर पूर्ण बंद होते. म्हणून मोठा चढ प्रवासाच्या शेवटी असेल तर त्याच्यासाठी बॅटरी राखून ठेवायची.

टप्पा १०: आपली रेंज आपणच काढा

जाहिरातीतली रेंज हलका माणूस, सपाट रस्ता, कमी असिस्ट अशी असते. आपली अशी काढा: पूर्ण चार्ज, नेहमीचा रस्ता, नेहमीचा असिस्ट, बॅटरी अर्ध्यावर येईपर्यंत चालवा आणि किलोमीटर लिहा. तीन वेळा. वॅट-अवरच्या अर्ध्याला त्या किलोमीटरने भागा. सपाटीवर, पाय लावत, कमी असिस्टला ७ ते १० वॅट-अवर दर किलोमीटर असा आकडा येतो, वरच्या असिस्टला आणि थांबत थांबत चालवल्यावर १५च्या पुढेही. ३६० वॅट-अवरमधले ६० हातचे ठेवले तर ३०० उरतात, म्हणजे ८ च्या हिशोबाने ३७ किलोमीटर आणि १५ च्या हिशोबाने २०. एकच सायकल, एकच बॅटरी.

चढाचा हिशोब वेगळा जोडायचा. सायकल आणि माणूस मिळून १०० किलो धरले तर १०० मीटर उंची चढायला २७ वॅट-अवर लागतात, मोटरमधला अपव्यय धरला तर बॅटरीतून ३५च्या आसपास. पायांनी जितका वाटा उचलला तितका तो कमी.

चूक: शेवटच्या कांडीवर भरवसा. लिथियमचं व्होल्टेज मधल्या भागात हळूहळू उतरतं आणि शेवटी झपाट्याने कोसळतं, त्यामुळे शेवटची कांडी पहिल्या कांडीइतकी कधीच चालत नाही.

टप्पा ११: परत आल्यावर

रोज वापरत असाल तर प्रत्येक वेळी पूर्ण रिकामी करायची गरज नाही, उलट २० टक्क्यांच्या खाली वारंवार नेऊ नका. रोजचं अंतर कमी असेल आणि चार्जर किंवा डिस्प्लेवर टक्केवारी दिसत असेल तर ८० ते ९० ला थांबवलं तर बॅटरी जास्त वर्षं टिकते, महिन्यातून एखाद्या वेळी पूर्ण भरा म्हणजे सेल समान होतात. महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी काढून ४० ते ६० टक्क्यांवर, कोरड्या थंड जागी ठेवा आणि दर महिन्याला बघा. पूर्ण रिकामी करून कपाटात ठेवलेली बॅटरी स्वतःहून अजून उतरते आणि मग चार्जर तिला ओळखतच नाही.

धुताना प्रेशरचं पाणी नको. पाऊस सहन होतो पण जोराची धार सीलच्या आत जाते, हबच्या बेअरिंगमध्ये, डिस्प्लेत, कनेक्टरमध्ये. बॅटरी काढा, फ्रेमवरची पिनांची जागा फडक्याने झाका, ओल्या कापडाने पुसा, चेन वाळवून तेल. तेलाचा थेंबसुद्धा डिस्कवर जाऊ देऊ नका.

हब मोटरच्या चाकाला पंक्चर झालं तर लगेच चाक काढायला जाऊ नका. खिळा कुठे घुसलाय ते सापडलं तर टायरची तेवढीच बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढा, तिथेच पॅच लावा. चाक काढावंच लागलं तर आधी पॉवर बंद, बॅटरी बाहेर, मग मोटरच्या वायरचा कनेक्टर सरळ ओढून सोडवा, पिळून नाही, आतल्या बारीक पिना वाकतात. परत जोडताना दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर यायला हवेत.

सावधान: बॅटरी पडली, आपटली, फुगली, तिला गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, किंवा नुसती ठेवलेली असताना गरम लागली, तर ती बाहेरून कितीही चांगली दिसू दे, चार्ज करायची नाही आणि चालवायचीही नाही. घराबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि बॅटरीचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. आवरण उघडून आतला एखादा सेल स्वतः बदलायचा विचार मनातसुद्धा आणू नका.

दर आठवड्याला एकदा, निघायच्या आधी: हवा, दोन्ही ब्रेक, चाकाचे नट, बॅटरी ओढून बघणं, आणि मागच्या चाकाचे आरे दोन दोन करून चिमटीत दाबून बघणं. हब मोटरचा सगळा जोर याच आऱ्यांमधून रिमपर्यंत जातो, एखादा सैल सापडला तर त्याच दिवशी ताणून घ्या, त्याच्यावरचा भार शेजारच्या आऱ्यांवर जातो आणि मग तेही एकामागोमाग तुटायला लागतात.